ट्रंकेतल्या लिरा: युद्धकाळातील युरोपीय कागदी चलन कसे जमवावे?

शिरीषफूल (धागाकर्ती)

नमस्कार. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते आणि इटलीच्या आघाडीवर लढून १९४६ साली गावी परतले. गेल्या दिवाळीत घराची झाडलोट करताना त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली त्यांचे पे-बुक, म्हणजे सैनिकाच्या पगाराच्या नोंदींचे पुस्तक, सापडले आणि त्यात अकरा नोटा मिळाल्या. दहा नोटा लिरा या इटालियन चलनाच्या आहेत, त्यांच्यावर 'इश्यूड इन इटली' असे इंग्रजीत छापलेले आहे आणि मागच्या बाजूला भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, अभावापासून मुक्ती आणि भयापासून मुक्ती अशा चार स्वातंत्र्यांची नावे आहेत. अकरावी नोट ब्रिटिश लष्करी प्रशासनाची, एका शिलिंगची आहे. तिच्यावर मुकुटावर उभा असलेला सिंह आहे.

१०० लिरांची नोट आठपदरी घडी घालून ठेवलेली होती. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे मोहरीएवढे भोक पडले आहे, रेघांवर कागद तपकिरी झाला आहे आणि समासात पेन्सिलीने ३-५-४ असे लिहिलेले आहे. ही तारीख आहे की एखादा क्रमांक, ते घरात कोणालाच सांगता येत नाही.

मी या नोटा नाण्यांच्या एका प्रदर्शनात नेल्या होत्या. तिथल्या एका विक्रेत्याने ही नोट घेऊन त्याच मूल्याची कोरी करकरीत नोट देण्याची तयारी दाखवली. पेन्सिलीच्या लिखाणामुळे माझ्या नोटेला संग्राहकांत किंमत उरलेली नाही, असे त्याचे म्हणणे होते. मी विचार करून सांगते म्हणाले. माझे प्रश्न तीन आहेत. ही अदलाबदल करावी का? या नोटांपासून सुरुवात करून युद्धकाळातील युरोपच्या नोटांचा संग्रह वाढवायचा असेल तर कोणत्या वाटेने जावे? आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात हा कागद टिकवायचा कसा?

नाणेघाट

ताई, सर्वप्रथम एक विनंती करतो. ती नोट कोणालाही देऊ नका. कोरी नोट पुढच्या वर्षीही मिळेल, कारण ही लष्करी लिरा, म्हणजे दोस्तराष्ट्रांच्या सैन्याने इटलीत काढलेले चलन, प्रचंड संख्येने छापली गेली आणि शंभराची नोट आजही दुर्मीळ नाही. तुमच्या आजोबांच्या पे-बुकमधून निघालेली नोट मात्र दुसरी मिळणार नाही.

मी जवळजवळ तीस वर्षे केवळ नोटा जमवतो आहे. युद्धातील चलन समजून घ्यायचे असेल तर नोट कोणी छापली, हे पाहण्याआधी ती कोणाच्या गळ्यात मारण्यासाठी छापली, हे पाहावे. उदाहरणार्थ, जर्मनीने जिंकलेल्या देशांत 'राइखस्क्रेडिटकासेनशाइन' नावाच्या नोटा आणल्या. मार्कात मोजल्या जाणाऱ्या या नोटा खुद्द जर्मनीत चालत नसत, म्हणजे त्यांचा भार जर्मनीतील बाजारावर पडत नसे. १९४० साली फ्रान्समध्ये एका मार्काला २० फ्रँक असा दर लादण्यात आला. त्यात फ्रँकची किंमत खऱ्यापेक्षा इतकी कमी धरली होती की जर्मन सैनिकाला पॅरिसची दुकाने स्वस्तात रिकामी करता आली. बंदूक न रोखता केलेली ही लूट होती आणि तिची कागदी साक्ष आज अगदी थोड्या पैशांत हातात घेऊन पाहता येते. ५० फेनिगपासून ५० मार्कांपर्यंतचा हा संच नवशिक्या संग्राहकाला झेपण्यासारखा आहे.

दोस्तराष्ट्रांनीही तेच साधन वापरले, हे विसरू नये. तुमच्याकडची लिरा अमेरिकेत छापलेली आहे. १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत फ्रान्ससाठीही अशाच नोटा आणल्या गेल्या आणि फ्रेंच नेते द गॉल यांनी त्यांना खोटे चलन म्हटले. आपल्या देशाचे चलन परक्या सेनापतीने काढावे, हे त्यांना मान्य नव्हते.

मध्यान्ह

नाणेघाटकाका, आपल्याविषयी आदर बाळगूनही मी थोडा वेगळा विचार मांडतो. आजोबांची नोट ठेवावीच, याबद्दल दुमत नाही. परंतु संग्रह वाढवताना नोटेच्या स्थितीकडे दुर्लक्ष करू नये. युद्धकाळातील कागद बहुधा हलका असतो, शाई पुसट असते, आणि मळक्या नोटेवर जलचिन्ह, बारीक नक्षी, छापखान्याची खूण यांपैकी काहीच धड दिसत नाही. अभ्यासासाठी निदान एक स्वच्छ नोट जवळ असावी. मी सुरुवातीच्या काळात स्वस्त म्हणून फाटक्या नोटांचा ढीग जमवला आणि पुढे त्यातल्या निम्म्याहून अधिक बदलाव्या लागल्या.

दूरदेशी

मी फ्रँकफर्टजवळ राहते. इथल्या जुन्या बाजारात दोस्तराष्ट्रांनी जर्मनीसाठी काढलेल्या १९४४ च्या लष्करी मार्काच्या नोटा अजून पेटाऱ्यांतून निघतात. मध्यान्ह यांनी बारीक खुणांचा उल्लेख केला, म्हणून सांगते. या मार्कांच्या छपाईचे ठसे अमेरिकेने सोव्हिएत संघालाही दिले आणि सोव्हिएत छापखान्यांनी अमाप नोटा काढल्या. दोन्ही नोटा लांबून अगदी सारख्या दिसतात, पण सोव्हिएत नोटेच्या क्रमांकाआधी एक आडवी रेघ असते. बोस्टनच्या फोर्ब्स लिथोग्राफ कंपनीत छापलेल्या नोटेच्या वेलबुट्टीत 'एफ' हे अक्षर इतके बारीक दडवलेले आहे की ते मला भिंगाखालीही दहा मिनिटे सापडले नव्हते. शिरीषफूल, तुमच्या लिरांवरही ते शोधून पाहा, काही लिरांवर ते आहे.

ती आडवी रेघ मला फार महत्त्वाची वाटते. रेघवाल्या नोटा घेऊन सोव्हिएत सैनिक बर्लिनमध्ये अमेरिकन सैनिकांकडून मनगटी घड्याळे वाटेल त्या किमतीला विकत घेत आणि अमेरिकन सैनिक तेच मार्क डॉलरमध्ये बदलून घरी पाठवत. भुर्दंड अखेर अमेरिकेच्या तिजोरीला बसला.

कागदकाम

मी जुन्या पोथ्या आणि दस्तऐवज दुरुस्त करण्याचे काम करते, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे.

लॅमिनेशन कधीही करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. बाजारात मिळणारे मऊ, चकचकीत, विशिष्ट वासाचे प्लॅस्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत ते चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिस्टरची, म्हणजे मायलर नावाने मिळणारी कडक पारदर्शक पाकिटे घ्या. घडी उलगडताना घाई करू नये. आठपदरी घडी असलेली नोट दमट हवेच्या दिवशी कोऱ्या, आम्लविरहित कागदावर ठेवून एकेक पदर उलगडावा आणि वर दोन टीपकागद व हलके वजन ठेवून आठवडाभर तशीच राहू द्यावी. इस्त्री फिरवू नका, पाण्यात घालू नका आणि भोकावर चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. चिकटपट्टीचा डिंक पुढे पिवळा पडून कागदात मुरतो, आणि मग माझ्यासारखीच्या हातात करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

पावसाळ्यात अल्बम लाकडी कपाटाच्या तळाशी ठेवू नये, कसर आधी तिथेच लागते. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती महिन्याला बदला. आणखी एक सांगते, ती पेन्सिलीची अक्षरे खोडरबराने पुसण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

पाणवठा

थोडे अवांतर होईल, पण विषयाला धरूनच विचारतो. आमचे गाव कोल्हापूरजवळ आहे. वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. जर्मन अमलाखालच्या पोलंडच्या नोटा या लोकांबरोबर आपल्याकडे आल्या असतील का? तशी एखादी नोट आमच्या भागात मिळाली तर मला तिचा फार आनंद होईल.

इतिहासवाचक

पाणवठा, प्रश्न उत्तम आहे, पण तशी शक्यता कमी वाटते. वळिवड्याला आलेली कुटुंबे बहुतांशी पूर्व पोलंडमधील होती. तो भाग १९३९ साली सोव्हिएत संघाने घेतला, डिसेंबर १९३९ मध्ये तिथे झ्वोटी हे पोलिश चलन रद्द झाले आणि पुढे या लोकांना सायबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आले. ते इराणमार्गे भारतात आले. जर्मन अमलाखालची नोटपेढी मात्र क्राकुफला स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या नोटांवर १ मार्च १९४० ही तारीख आहे. या दोन पोलंडांचे चलन वेगळे आणि नशीबही वेगळे होते. वळिवड्याच्या एखाद्या घरात युद्धापूर्वीची झ्वोटी, रशियन रूबल किंवा इराणी रियाल निघाला तर त्याला मात्र सुसंगत इतिहास असेल.

क्राकुफच्या त्या नोटांना लोक पेढीचे प्रमुख फेलिक्स म्विनार्स्की यांच्या नावावरून 'म्विनार्की' म्हणत. ५०० झ्वोटीच्या नोटेवर डोंगराळ भागातील एका माणसाचे चित्र होते, म्हणून तिचे नाव 'गुराल' पडले. १२ ऑगस्ट १९४३ रोजी भूमिगत पोलिश सेनेने वॉर्सात याच पेढीची रोकड नेणारी गाडी अडवून १० कोटी ५० लाख झ्वोटी हस्तगत केले आणि त्या कारवाईलाही 'गुराल' हेच नाव मिळाले. पाचशेची नोट महाग नाही. संग्रहात एकच पोलिश नोट ठेवायची असेल तर मी हीच सुचवेन.

तळटीप

चलनवाढीच्या नोटांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. ग्रीसची ३ नोव्हेंबर १९४४ ची १,००,००,००,००,००० द्राखमांची नोट माझ्याकडे आहे. इंग्रजी पद्धतीने हा आकडा शंभर बिलियन होतो, पण आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे: एक निखर्व. जर्मन आणि इटालियन ताब्याचा सारा खर्च ग्रीसच्या पेढीकडून उकळला गेला आणि पेढीने तो नोटा छापून भागवला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसे भुकेने रस्त्यावर मरत होती. अखेर नोव्हेंबर १९४४ मध्येच ५० अब्ज जुन्या द्राखमांना एक नवा द्राखमा असा विनिमय झाला, म्हणजे माझ्या निखर्वाचे दोन द्राखमे झाले.

हंगेरीचे चलन युद्ध संपल्यावर कोसळले, तरी त्याचे कारण युद्धच आहे. १९४६ साली तिथे व्यवहारात आलेल्या सर्वांत मोठ्या नोटेची किंमत एकावर वीस शून्ये इतके पेंगो होती. लहानपणी आजीने एकं दहं शतं पासून परार्धापर्यंत पाठ करून घेतले होते. परार्धावर सतराच शून्ये येतात. ही नोट हजार परार्धांची! तिच्यावर आकड्यात रक्कम छापलेलीच नाही, फक्त अक्षरांत आहे. १ ऑगस्ट १९४६ रोजी फोरिंट आला आणि पेंगो रद्दीत गेला.

रेवाकाठ

मला वेगळ्याच नोटांविषयी विचारायचे आहे आणि हा प्रश्न मी बरेच दिवस मनात ठेवला आहे. पोलंडमधील वूच (लॉड्झ) आणि आजच्या चेक प्रजासत्ताकातील टेरेझिनश्टाट येथे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांसाठी काढलेल्या नोटा विकायला असतात. त्या विकत घ्याव्यात का? माझ्यापुढे टेरेझिनश्टाटची १०० क्रोनांची नोट विक्रीला आली होती. डावीकडे दाविदाचा तारा, उजवीकडे दहा आज्ञांच्या पाट्या धरलेला मोझेस, आणि तारीख १ जानेवारी १९४३. कागद इतका कोरा होता की तो कोणाच्याही हातात गेलेला नव्हता. मी ती परत ठेवली.

नाणेघाट

रेवाकाठ, त्या कोऱ्या कागदाचे कारण सांगतो, कारण त्यातच त्या नोटेची खरी हकीगत आहे. टेरेझिनश्टाटमध्ये या नोटांनी विकत घेण्यासारखे जवळजवळ काही नव्हते. पेढी, पगार, खातेवही हा सगळा देखावा होता. जून १९४४ मध्ये रेडक्रॉसच्या पाहुण्यांना हीच वस्ती रंगरंगोटी करून दाखवण्यात आली. म्हणूनच न वापरलेल्या नोटांचे गठ्ठेच्या गठ्ठे मागे उरले. नोटेचे चित्र पेटर कीन या तिथल्याच कैदी चित्रकाराचे आहे आणि खाली वस्तीचे प्रमुख याकोब एडेलश्टाइन यांची सही आहे. दोघांचाही अंत १९४४ साली आउश्विट्झच्या छळछावणीत झाला.

वूचची गोष्ट याहून क्रूर आहे. तिथे लोकांकडचे खरे मार्क काढून घेऊन त्यांना वस्तीबाहेर कवडीमोल असलेल्या नोटा दिल्या गेल्या, म्हणजे बाहेरून चोरून भाकरी आणण्याचीही वाट बंद झाली. प्रमुख हाइम रुमकोव्स्की यांच्या नावावरून लोक त्यांना 'रुमकी' म्हणत. दोन्ही ठिकाणच्या नोटांवर पैशाचा शब्द नसून जर्मन भाषेत 'पावती' असे छापलेले आहे. माझ्याकडे टेरेझिनश्टाटची एक नोट आहे. मी ती विकणार नाही आणि बदलूनही घेणार नाही. माझ्यानंतर ती संग्रहालयाला द्यावी, असे मुलांना लिहून ठेवले आहे.

रेवाकाठ

काका, आपल्याकडची नोट योग्य हाती आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही खरेदीदार वाढले की बनावट प्रती वाढतात आणि या नोटांच्या नकला बाजारात आहेतच. ज्यांच्याकडून भाकरीचे पैसे हिरावले, त्यांच्या पावतीची बोली लागावी, हे मला सहन होत नाही. या बाबतीत आपले मत वेगळे राहू दे.

दूरदेशी

मी रेवाकाठ यांच्या बाजूची आहे, पण नाणेघाट यांनी चित्रकाराचे नाव सांगितले नसते तर मला ते कधी कळलेही नसते, हेही तितकेच खरे.

मध्यान्ह

कैद्यांकडून करून घेतलेल्या कामाचा विषय निघाला आहे, तर बनावट ब्रिटिश पौंडांचाही उल्लेख व्हायला हवा. झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत सुमारे १४० कैद्यांकडून जर्मनीने पाच, दहा, वीस आणि पन्नास पौंडांच्या नोटा बनवून घेतल्या. त्यांची एकूण दर्शनी किंमत १३ कोटी पौंडांहून अधिक होती. इंग्लंडच्या बँकांतील कारकून नोटांच्या गड्डीला टाचणी लावत, म्हणून कैद्यांनी नव्या नोटांना टाचणीची छिद्रेही पाडली होती. १९४३ साली बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांहून मोठ्या नोटा काढणे बंद केले आणि दहाची नोट थेट १९६४ साली परत आली. ऑस्ट्रियातील टोप्लिट्झ तलावात बुडवलेल्या पेट्या १९५९ मध्ये वर काढण्यात आल्या. खऱ्या नोटेपेक्षा ही बनावट नोट संग्राहक अधिक आवडीने घेतात, पण ती जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

कागदकाम

बनावटीच्या गोष्टीवरून आठवले. इंग्लंड आणि फ्रान्स यांमधल्या खाडीतले जर्सी बेट जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या नोटा एडमंड ब्लॅम्पिड या स्थानिक चित्रकाराने काढल्या. सहा पेन्सच्या नोटेच्या मागे इंग्रजी 'सिक्स' या शब्दातील 'एक्स' त्याने मुद्दाम मोठा काढला, त्यामुळे नोट दुमडली की विजयाचा 'व्ही' उरतो. ताबा घेणाऱ्या जर्मनांच्या डोळ्यांदेखत ती नोट बेटावर खिशाखिशांतून फिरत होती. मी अनेक वर्षे घड्या सरळ करण्याचे काम करते, पण ही एक नोट दुमडलेलीच पाहायला आवडेल.

इतिहासवाचक

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण शिरीषफूल यांच्या नोटेवरील तो ३-५-४ चा आकडा माझ्या डोक्यातून जात नव्हता. काल रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

१९४३ साली दोस्तराष्ट्रांनी इटलीत एका पौंडाला ४०० लिरा असा दर ठरवला होता. रुपयाचा दर तेव्हा एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे १८ पेन्स, असा स्थिर होता. पौंडाचे पेन्स २४०, म्हणून पौंडाचे रुपये सव्वातेरा आणि थोडे वर. ४०० लिरांना त्याने भागले की एका रुपयाला बरोबर ३० लिरा येतात. आता १०० लिरांचे किती? तीन रुपये आणि एक तृतीयांश. सोळा आण्यांचा एक तृतीयांश म्हणजे, आण्याच्या बारा पै धरून, पाच आणे चार पै.

तीन रुपये, पाच आणे, चार पै. ताई, ती तारीख नाही. आपल्या हातातल्या परक्या नोटेचे घरी किती होतात, हे आजोबांनी मांडून पाहिले होते.

पाणवठा

हे वाचून अंगावर काटा आला. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन्ही मराठा वीरांना व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतल्याच लढायांसाठी मिळाला, एवढे शाळेत ऐकले होते. त्या आघाडीवरचा एक शिपाई फावल्या वेळात काय करत असेल, हे कधी मनात आले नव्हते.

नाणेघाट

इतिहासवाचक, आपण या धाग्याचे सोने केलेत. मध्यान्ह, नोटेच्या स्थितीविषयी आपण म्हणता ते अभ्यासापुरते मी मान्य करतो. शिरीषफूलताईंनी शंभर लिरांची एक कोरी नोट वेगळी विकत घ्यावी आणि आजोबांच्या नोटेशेजारी ठेवावी. पाकिटात पे-बुकच्या पानाचे छायाचित्र आणि हा हिशेब लिहिलेली चिठ्ठीही असू द्यावी, नाहीतर पुढच्या पिढीला ते पुन्हा पेन्सिलीचे डाग वाटतील.

शिरीषफूल (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. इतिहासवाचक, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की आजोबांना चौथीपर्यंतच शाळा मिळाली होती, पण अपूर्णांक त्यांचे कायम तोंडपाठ असत आणि बाजारातून आल्यावर पै-पैचा हिशेब ते दारातच सांगत.

अदलाबदल करणार नाही, असे त्या विक्रेत्याला आज कळवले आहे. मायलरची पाकिटे मागवली आहेत. संग्रहात पहिली भर म्हणून पोलंडची 'गुराल' घेण्याचे ठरवले आहे. वस्त्यांच्या नोटांबाबत मात्र मी अजून रेवाकाठ यांच्याच विचाराशी थांबले आहे.

दूरदेशी यांनी सांगितल्याप्रमाणे 'एफ' शोधण्यासाठी आज दुपारी खिडकीशी बसून सगळ्या लिरा भिंगाखाली पाहिल्या. 'एफ' अजून सापडले नाही. पण ५० लिरांच्या नोटेच्या कडेला, नोट उन्हात तिरपी धरली तेव्हा, पुसट झालेली पेन्सिल दिसली: १-१०-८. मी तीसने भागून पाहिले. एक रुपया, दहा आणे, आठ पै. बरोबर येते.